ऐन वेगळा, अर्जुन वेगळा

झाडांच्या बाबतीत आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची माणसे आढळतात. पहिल्या प्रकाराला सगळी झाडे सारखीच वाटतात. हिरवे दिसले की "झाड" म्हणायचे आणि पुढे जायचे. दुसऱ्या प्रकाराला झाड दिसले की एकच प्रश्न सुचतो, "हे कशावर चालते?" मधुमेहावर, रक्तदाबावर की मूळव्याधीवर? झाडाला याखेरीज काही आयुष्य असेल हे त्यांच्या गावीही नसते. मला आज या दोन्ही प्रकारांशी थोडे भांडायचे आहे, आणि साक्षीला दोन झाडे बोलावली आहेत. ऐन आणि अर्जुन.

आधीच सांगून टाकते, मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. माझे बी.ए. मराठीचे, आणि नोकरीची सगळी वर्षे मुलांना समास व प्रयोग समजावण्यात गेली. पण सत्तरी ओलांडेपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात राहिल्यावर साग, मोह, पळस, ऐन, अर्जुन यांची ओळख नातेवाइकांसारखीच होते. आणि व्याकरणाच्या बाईला एक खोड असतेच. दोन शब्द सारखे दिसले की त्यांतला फरक सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. झाडांचेही तसेच समजा.

तर ही दोन्ही झाडे सख्खी भावंडे. शास्त्रज्ञांनी त्यांना टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीत ठेवले आहे. लॅटिनमधील टर्मिनस म्हणजे शेवट, टोक. पाने फांद्यांच्या टोकांशी गोळा झालेली असतात म्हणून हे नाव पडले. अर्जुन म्हणजे टर्मिनॅलिया अर्जुना. ऐन म्हणजे टर्मिनॅलिया इलिप्टिका; जुन्या पुस्तकांत त्याला टोमेंटोसा म्हटलेले सापडेल. हिरडा आणि बेहडाही याच प्रजातीतले. म्हणजे त्रिफळ्याच्या डबीतील तीनपैकी दोन फळे या घराण्याची. आवळा तेवढा परका!

भावंडे असल्यामुळे चेहरामोहरा मिळताजुळता आहे. दोघांची पाने लांबट, आणि पानाच्या बुडाशी दोन बारीक ग्रंथी. दोघांची फुले पिवळट पांढरी, बारीक, तुऱ्यात येणारी. दोघांच्या फळांना पाच पंख. कमरख आडवे कापले की चांदणी दिसते ना, तसाच काहीसा आकार, फक्त फळ कोरडे आणि लाकडासारखे टणक. त्यामुळे नुसते पान हातात घेऊन ओळखायला गेले तर भले भले चकतात.

त्यात नावांनी आणखी घोळ घातला आहे. अर्जुनाला मराठीत "अर्जुनसादडा" असेही म्हणतात, आणि "सादडा" हे नाव ऐनालाही लावतात. ऐनाला कुणी "येन" म्हणते, हिंदी मुलखाच्या जवळ गेले की तो "साज" किंवा "साजा" होतो. अर्जुनाचा तिकडे "कोहा" आणि "कहुआ" होतो. एका घरात दोन भावांना "बाळू" म्हणू लागले तर पत्र कोणाला द्यायचे असा पोस्टमनला प्रश्न पडावा, तसा हा प्रकार.

पण एक युक्ती आहे, आणि ती कोणालाही जमेल. पानाकडे नको, खोडाकडे बघा. अर्जुनाचे खोड गुळगुळीत, फिकट, पांढुरके राखाडी, कुठे हिरवट तर कुठे गुलाबी झाक असलेले. वरची साल पातळ पापुद्र्यांनी निघते आणि आतून नवी गोरी साल दिसते. संस्कृतात अर्जुन या शब्दाचा अर्थच पांढरा, शुभ्र. ऐनाचे खोड नेमके उलट. काळपट, जाड, खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फाटलेले. इंग्रजीत त्याला मगरीच्या सालीचे झाड म्हणतात ते उगाच नाही. एक भाऊ नुकताच आंघोळ करून आलेला, आणि दुसरा दिवसभर वखर हाकून आलेला!

फळांतही फरक आहे. ऐनाच्या फळाचे पंख रुंद, आणि त्यांवरच्या रेषा सरळ काठापर्यंत जातात. अर्जुनाच्या फळाचे पंख अरुंद व टणक, आणि रेषा वाकून वरच्या बाजूला चढतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाडाखाली पडलेली फळे गोळा करा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. नातवंडांना सुटीत करायला यापेक्षा चांगला उद्योग नाही.

आता खरा फरक. तो स्वभावाचा आहे. अर्जुन हे पाण्याकाठचे झाड. नदी, नाला, ओढा जिथे, तिथे अर्जुन. बंधलेल्या कृष्णाने उखळ ओढत नेऊन जी दोन जुळी झाडे पाडली, आणि ज्यांतून कुबेराची मुले नलकूबर व मणिग्रीव बाहेर आली, ती झाडे अर्जुनाची होती, हे भागवतात आहे. यमलार्जुन म्हणतात ते हेच. गोकुळ यमुनेच्या काठी, तेव्हा तिथे अर्जुन असणे अगदी योग्यच. आपल्याकडे पैनगंगा, अरुणावती, अडाण, बेंबळा यांच्या खोऱ्यांतून फिरताना ओळीने पांढरी खोडे दिसली की समजावे, खाली पाणी आहे. ती मुळे काठाची माती धरून ठेवतात. काठावरचे अर्जुन गेले की पुढच्या पुरात काठही जातो.

ऐन हा रानातला. सागवनात सागाच्या सोबतीने, धावडा, तिवस, बिजा यांच्या पंगतीत बसणारा. खोल माती मिळाली तर उंच वाढतो, पण खडकाळ उतारावरही तग धरून राहतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळून उघडा होतो, आणि ती जाड साल अंगावर घेऊन वणव्यालाही पुष्कळ दाद देत नाही. तरी त्याची सगळ्यांत मोठी करामत वेगळीच आहे. काही ऐनांच्या खोडात पाणी साठलेले असते. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लोकांनी अशाच एका झाडाच्या खोडाला छेद दिला आणि पाण्याची धार उडाली, ती चित्रफीत देशभर फिरली. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ऐन उन्हाळ्यात ऐनाच्या पोटात पाणी! मराठीच्या बाईला यापेक्षा चांगला श्लेष कुठे मिळणार? (मात्र वाचकहो, विळा घेऊन लगेच जंगलात जाऊ नका. प्रत्येक झाडात पाणी नसते, जखम मात्र प्रत्येक झाडाला होते.)

ऐनाचे उपयोग मोजायला बसले तर बोटे पुरत नाहीत. लाकूड जड, टणक. घराच्या खांबांना, बैलगाडीला, शेतीच्या अवजारांना. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यात ऐनाच्या फांद्या मोठ्या प्रमाणावर लागतात. आपल्या विदर्भात गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर भागात टसर रेशमाच्या अळ्या ऐनावर आणि अर्जुनावर वाढवतात. आरमोरीकडचे ढिवर लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले. लग्नाकार्यात आपण कोशाची साडी मिरवतो ना, तिचा पहिला धागा या दोन भावांच्या पानांवर तयार होतो. इथे मात्र दोघांत भेद नाही, अळी दोन्ही पाने आवडीने खाते. मंडला-डिंडोरीकडील गोंड तर साजाच्या झाडात बडादेवाचे स्थान मानतात. ज्या झाडाला एक मोठा समाज देव मानतो, त्याचे साधे नावही आपल्या शाळांतील बहुतेक मुलांना सांगता येत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता भांडणाकडे येते. आज अर्जुनाला फार मान आहे आणि ऐनाला कोणी विचारत नाही. मला आक्षेप दोन्ही गोष्टींवर आहे, कारण अर्जुनाला मिळणारा मान त्यालाच मारतो आहे.

अर्जुनाची साल हृदयविकारावर सांगितली आहे. वाग्भटाने ती सांगितली, अकराव्या शतकात चक्रदत्ताने दुधात उकळून द्यायला सांगितली. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे. आधुनिक संशोधकही या सालीचा अभ्यास करत आहेत. पण आदर वेगळा आणि सकाळी फिरायला जाताना खिशात चाकू नेणे वेगळे. नाल्याकाठच्या अर्जुनांची खोडे जाऊन बघा. माणसाच्या हाताला पोहोचेल तिथपर्यंत सोललेली. मुळांना लागणारे अन्न पानांत तयार होते आणि सालीच्या आतल्या थरातून खाली जाते. साल एका बाजूने, थोडी, वरवर काढली तर अर्जुन ती भरून काढतो. त्याच्यात ती ताकद आहे. पण चहूबाजूंनी सोलले की मुळे उपाशी मरतात आणि मग झाड. स्वतःचे हृदय सांभाळण्यासाठी दुसऱ्याच्या कंठाला नख लावण्यासारखे आहे हे.

आणि हृदय तरी सांभाळले जाते का? आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून घरीच उकळलेला काढा सुरू केला. कोणा वैद्याला विचारले नाही की डॉक्टरला. सहा महिन्यांत उजवा हात आणि वाचा गेली. काढ्याने गेली असे मी म्हणत नाही. गोळ्या थांबल्याने गेली असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ज्या झाडाची साल आणली होती, ते झाडही पुढच्या उन्हाळ्यात वाळले. दोघांचेही नुकसान झाले, आणि दोघांनाही वाचवता आले असते. औषध म्हणून अर्जुन घ्यायचाच असेल तर जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने घ्या, आपल्या डॉक्टरला सांगून घ्या, आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका. हे सांगायला मी डॉक्टर असण्याची गरज नाही, वय पुरेसे आहे.

आता ऐनाकडे. पुण्याच्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात फोन केला. "मावशी, आर्णीच्या वावरात यंदा पाचशे अर्जुन लावतो आहे. बाबा म्हणतात, धुऱ्यावरचा ऐन काढून टाकू, त्याच्या सावलीने कपाशीचे दोन तास वाया जातात." त्यांच्या वावरात काम करणारा गडीही मला नंतर म्हणाला, "बाई, ऐनाले कोन पुसते? अर्जुनाची साल तरी इकते."

भाच्याच्या मनातली हौस खरी आहे, आणि त्याच्या वडिलांचे गणितही खोटे नाही. सावलीत कपाशी नीट बोंडावर येत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला दोन तास म्हणजे चेष्टा नव्हे, विशेषतः आमच्या जिल्ह्यात, जिथे कपाशीच्या हिशेबाने किती घरे उद्ध्वस्त झाली हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. म्हणून "झाडे लावा, झाडे जगवा" असे घोषणेसारखे उत्तर देणे मला पटत नाही. पण त्या बेतातली एक गोष्ट मला बोचली. ज्या तुकड्यात पाचशे अर्जुन लावायचे, तो बरड आहे. वर दोन वीत माती, खाली मुरूम. तिथून नाला पाव कोसावर. म्हणजे पाण्याकाठच्या भावाला टेकाडावर नेऊन बसवायचे, आणि टेकाडावर आपला आपण उभा असलेल्या भावाला कुऱ्हाड लावायची. हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, अर्जुन रस्त्याकडेलाही छान वाढतो. मान्य. दिल्लीच्या जनपथावर अर्जुनांच्या रांगा आहेत आणि त्या सुंदर आहेत. पण तिथे लहानपणी त्यांना पाणी घालणारे हात होते. आपल्या बरडावर पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार? भाचा पुण्याला, त्याच्या वडिलांचे गुडघे दुखतात, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात माणसांनाच प्यायला पाणी मिळण्याची मारामार झाली होती हे आपण विसरलेलो नाही.

हा प्रश्न एका वावरापुरता नाही. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला, पुढे चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. उत्साह चांगला होता. गावोगावी मुले हातात रोपे घेऊन निघाली. पण त्या काळात आणि नंतरही मी ज्याला ज्याला विचारले, "कोणते झाड लावले?", त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर "झाड" एवढेच होते. ज्याचे नाव माहीत नाही त्याला दुसऱ्या दिवशी पाणी कोण घालणार? कोटींचा आकडा पाटीवर लिहिता येतो, पण झाड एकेकटेच जगते, आणि आपल्या जागी लावले तरच जगते. रोपवाटिकांत अर्जुन सहज मिळतो, ऐन क्वचितच. मिळेल ते लावायचे, अशा हिशेबाने पुढच्या पन्नास वर्षांत आपले रान कसे दिसेल याचा विचार कोणी करायचा?

आणखी एक गोष्ट, ही कायद्याची आहे. महाराष्ट्रात वृक्षतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस यांच्या जोडीला ऐनाचेही नाव आहे. म्हणजे आपल्या वावरातला, आपल्या धुऱ्यावरचा ऐनसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. आता "सादडा तोडला" असे कोणी सांगितले, तर कोणता सादडा? म्हणजे नावातला फरक हा केवळ पंडितांच्या कामाचा नाही, तो कोर्टकचेरीपर्यंत जाऊ शकतो. भाच्याच्या वडिलांना हे ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग फांद्या तरी छाटता येतीन का, ते इचारून घेतो."

मी भाच्याला जे सुचवले ते इथेही लिहिते. अर्जुन लाव, पण पाचशे नको. नाल्याच्या काठाने पंचवीस-तीस लाव, ओळीने, काठ धरून ठेवतील असे. बरडावर जे तिथे आधीपासून उगवते आहे त्याला राखण दे. गुरे दोन-तीन वर्षे आत येऊ दिली नाहीत तर पळस, बोर, हिवर आपोआप वर येतात. धुऱ्यावरचा ऐन राहू दे. सावलीचा त्रास होतो त्या बाजूच्या फांद्यांचे काय करता येईल ते रीतसर परवानगीने कर. सावलीतल्या दोन तासांत कपाशीऐवजी सावली सोसणारे काही, हळद किंवा आले, पाण्याची सोय असेल तर लावून बघ. नसेल तर गवत राहू दे, बैल खातील. शेवटी निर्णय त्यांचा. वावर त्यांचे, कर्ज त्यांचे. मावशीचे काम बोलण्याचे.

या दोन झाडांत श्रेष्ठ कोण, असे मला वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारेलच. वर्गात दोन भाऊ असले की नवे शिक्षक हमखास म्हणायचे, "तुझा मोठा भाऊ बघ किती हुशार, आणि तू?" मला ते कधी सहन झाले नाही. तुलना कोण मोठा हे ठरवण्यासाठी केली की दोघांचेही वाटोळे होते. मोठ्याला त्याच्या हुशारीचे ओझे होते, धाकटा स्वतःला नालायक समजू लागतो. अर्जुनाचे नेमके तेच झाले आहे. कौतुकाने सोलला गेला. आणि ऐन दुर्लक्षाने तोडला जातो. तुलना ओळखण्यासाठी करावी. ओळखले की कोणाला कुठे बसवायचे आणि कोणाकडून काय मागायचे ते कळते. मुलांचेही तसेच, सुनांचेही तसेच. (आमच्या दोन्ही सुना हे वाचतात, म्हणून जास्त लिहीत नाही.)

शाळांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल. जून महिन्यात मुलांना रोप देण्याआधी एक दिवस गावाबाहेर न्यावे. दहा झाडांच्या खोडाला हात लावायला सांगावे. डोळे मिटून लावला तरी ऐन आणि अर्जुन यांतला फरक तळहाताला कळतो. एक खरखरीत, एक गुळगुळीत. मग त्या झाडाचे गावातले नाव आजोबांना विचारून यायला सांगावे. गोंडी, कोलामी बोलणारी मुले वर्गात असतील तर त्यांच्या घरचे नाव फळ्यावर आधी लिहावे. त्या दिवशी तरी शेवटच्या बाकावरचा मुलगा गुरुजींना शिकवील.

तुमच्या भागात ऐनाला आणि अर्जुनाला काय म्हणतात, ते मला जरूर कळवा. माझ्या वहीत आतापर्यंत ऐनाची पाच आणि अर्जुनाची सहा नावे झाली आहेत. ऐन मागे आहे, तेव्हा कोकणातल्या आणि मेळघाटातल्या मंडळींनी जरा मनावर घ्यावे.